पिपावर उभा केलेला माणूस

आमची सूनबाई रस्त्याच्या कामावर गाड्या अडवते. हातात पाटी, एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'सावकाश'. घरी आम्हाला फक्त 'थांबा' दिसतं. कामाची सवय अशी जडलीय, की जेवायलाही दाराकडे पाठ करून बसायची नाही. "आई, येणाऱ्याकडे पाठ करायची नाही आणि पळायला वाट मोकळी ठेवायची." म्हटलं, अगं बाई, दारातून येऊन येऊन येणार कोण, तुझा नवराच ना? "तोच तर," म्हणाली.

परवा डबा विसरली, म्हणून मीच घेऊन गेले. तिथे मुकादमाशी तिची जुंपलेली. गाड्या वेग कमी करत नाहीत, तेव्हा हिनं कड सोडून रस्त्याच्या मधोमध उभं राहावं, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नये, असं त्याचं म्हणणं.

"मधे माणूस दिसला म्हणजे झालं ना?" ती म्हणाली. रिकामं पीप ओढत नेऊन मधोमध ठेवलं, त्यात फावडं उभं केलं, फावड्याला जादाचं चकाकतं जाकीट घातलं, वर हेल्मेट. "घ्या. हा चहासुद्धा मागणार नाही."

आणि काय सांगू, हाडामांसाच्या बाईला न जुमानणाऱ्या गाड्या फावड्यापुढे शहाण्यासारख्या थांबायला लागल्या. एकानं तर काच खाली करून त्याला पत्ता विचारला. मुकादम खूश. मला म्हणतो, "मावशी, उद्यापासून यालाच ठेवतो." मेल्याचं तोंड बघवेना.

तेवढ्यात एक गाडी आली, चालवणाऱ्याचे डोळे मोबाइलमध्ये. सूनबाईनं शिट्टी फुंकली आणि मला दंडाला धरून मागे खेचलं. धाडकन आवाज झाला. पीप एकीकडे, फावडं दुसरीकडे. तो बाबा खाली उतरला, गुडघे टेकून जाकिटाला हलवायला लागला, "दादा, उठा ना दादा." मजूर हसले. मीही हसले.

मुकादम हसत नव्हता. पिपाच्या जागेकडे बघत होता. मग मीही तिकडे बघितलं, आणि माझं हसू थांबलं.

"तिथंच उभी करत होतास ना माझ्या पोरीला?" मी विचारलं. तो मातीच्या ढिगावर बसला.

मागे गाड्यांची रांग लागली. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आई, सोडा ना. पाटी धरायचीय."

"दुसऱ्या हातानं धर," मी म्हटलं.