उंटाच्या घाण्यातली पेंड

घाणा बघायला जायची हौस माझी नव्हती. आठवडाभर सौदीतल्या जिझानच्या बंदरावर लोखंडाशी झुंजून शुक्रवारी माणसाने झोपावं, की जुनी यंत्रं बघत उन्हात फिरावं? पण माझा रूममेट ऐकेना. तो साताऱ्याकडचा वेल्डर, मी रत्नागिरीचा फिटर. गावाबाहेर एक म्हातारा अजून उंट जुंपून तिळाचं तेल काढतो आणि जुना उद्योग म्हणून लोक तो मुद्दाम बघायला जातात, असं त्याने कुठूनतरी ऐकलं होतं.

"आठवडाभर आपण घाण्यालाच जुंपलेले असतो," मी म्हणालो. "आता सुट्टीत दुसऱ्याचा बघू?"

तो हसला आणि कंपनीच्या पिकअपची किल्ली उचलली.

घाणा एका झावळ्यांच्या मांडवात होता. कमरेच्या वर येणारं लाकडी उखळ, त्यात तीळ चिरडणारं तिरपं उभं जाड लाकूड म्हणजे लाट, लाटेला जोडलेला आडवा दांडा आणि दाब पडावा म्हणून दांड्यावर रचलेले धोंडे. डोळे बांधलेला उंट तो दांडा ओढत गोल फिरत होता. म्हातारा अभिमानाने एकेक गोष्ट खुणांनी दाखवत होता. मी फिटर माणूस, माझी नजर आधी गेली ती हात कुठे सापडेल तिथे. ना गार्ड, ना स्विच. असल्या यंत्राजवळ मी कामावर कुणाला उभंही राहू दिलं नसतं.

ताज्या तिळाचा वास सुटला होता आणि त्या वासाने माझा रूममेट पार पोर झाला. त्याच्या गावी बैलाचा घाणा होता. लाट पुढे सरकली की मागून हात घालायचा, ऊन ऊन पेंड उचलायची आणि गुळाबरोबर खायची, हा तिथल्या पोरांचा खेळ.

"मेल्या, हात घालू नको."

"आमच्याकडं अशीच काढत्यात, लका," म्हणत त्याने उजवा हात आत घातला. बैलाच्या चालीचा अंदाज त्याच्या अंगात मुरलेला होता. उंटाची ढांग लांब. लाट फिरून आली तेव्हा हात आतच होता.

हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याच्या किंकाळीने उंट बुजला आणि थांबायचं सोडून आणखी जोर लावू लागला. म्हातारा त्याच्या तोंडाच्या दोराला लोंबकळला, पण उंट कुणाला ऐकतो? मी धावलो आणि म्हाताऱ्याच्या कमरेचा वाकडा सुरा उपसला. त्याला वाटलं, मी उंटाला मारणार. त्याने काठी माझ्या डोक्यात घातली. रक्त डोळ्यांत उतरलं. राग चढला की मी माणसात राहत नाही, हे माझी आईही सांगेल. मी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. तो पडला, उठला आणि माझ्या पाठीवर चढून गळा आवळू लागला. त्याला तसाच पाठीवर घेऊन मी उंटाला दांड्याशी जुंपणारा दोर कापला. उंट मांडवाचा एक खांब उखडत बाहेर पळाला, तेलाचे डबे लवंडले. तेव्हा कुठे म्हाताऱ्याला उखळातला हात दिसला. तो खाली उतरला आणि फुटक्या ओठाने काहीतरी पुटपुटत धोंडे ढकलू लागला. मग आम्ही दोघांनी मिळून लाट उचलली.

पिकअप म्हाताऱ्याने चालवली. रूममेटचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"हात कापू दिऊ नगंस," तो म्हणाला. "मेलो तरी चालंल. थोटा वेल्डर घरी जाऊन काय करंल? शब्द दे."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मराठी निघाले. तोवर रूममेटची शुद्ध हरपली होती.

"हाताचा लगदा झालाय," ते म्हणाले. "वाचवायला गेलो तर जीव जाऊ शकतो. तुम्ही यांचे कोण?"

"भाऊ," मी ठोकून दिलं.

"मग सांगा, काय करू?"

"कापा," मी म्हणालो. आज कुणी विचारलं तरी तेच सांगेन. पेटीत घालून धाडलेल्या पोराच्या आईला काय सांगायचं, हात शाबूत आहे म्हणून?

दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. मनगटापाशीच संपलेलं बँडेज त्याने बघितलं. मग मला जवळ बोलावलं. पाणी हवं असेल म्हणून मी वाकलो. त्याने डाव्या हाताची मूठ वळून माझ्या तोंडावर मारली. हात सवयीचा नव्हता, तरी दात हलला. नर्स धावत आली, तिला मी हातानेच थांबवलं.

"अजून मार," मी म्हणालो.

त्याने मारलं.