शिडीपलीकडचा देश

रंगारी आयुष्यभर शाळांच्या भिंतींवर जगाचे नकाशे काढत आला. त्याची लेक गेली तो देश पार उजव्या टोकाला, तिथवर हात पुरायला शिडी सरकवावी लागे. बायको वारली तेव्हा लेक फोनवर खूप रडली. "बाबा, रजाच मिळत नाहीये," म्हणाली.

भेटायला आलेला शेजारी हळहळला, "पाश्चात्त्य देश तो. असंच चालायचं."

"अहो, पूर्वेला आहे तो!" रंगारी चिडला.

"दिशेचं कोण बोलतंय? जिथून लेक आईच्या मयतालाही येत नाही, त्या देशाला लोक पाश्चात्त्य म्हणतात."

"तिचा काय दोष? माझी पोर तशी..." रंगारी लेकीची बाजू घ्यायला गेला, पण इतके दिवस दाबलेला हुंदका फुटला आणि बोलणं अर्धंच राहिलं.