मिस्त्रींचं गर्भाशय

आमचे हे लिफ्टचे मिस्त्री. एकतीस वर्षं लोकांना वर-खाली नेणाऱ्या पेट्या दुरुस्त करतायत, पण स्वतः बोलायची वेळ आली की दोन मजल्यांच्या मधे अडकतात. घरात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, मीसुद्धा. आणि लाजरे किती! उघड्या अंगाने हा माणूस कधी पोटच्या मुलीसमोर बसला नाही.

मी शाळेच्या कार्यालयात कारकून. फॉर्म हा माझा प्रांत. बावीस वर्षं येईल त्या पालकाला एकच सांगत आलेय: काहीही लिहा, पण रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा दिसला की फॉर्म परत. या माझ्या शहाणपणाने माझ्याच नवऱ्याचं काय केलं, ते ऐका.

गाठ त्यांना आंघोळ करताना हाताला लागली. डाव्या छातीत, वाटाण्याएवढी. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. त्याच महिन्यात एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बायकांसाठी स्तनाच्या कॅन्सरची मोफत तपासणी होती. तिथली लिफ्ट सारखी रुसत होती, म्हणून मिस्त्रींना दिवसभर तिथेच थांबवलं. त्यांनी सकाळपासून बायकांना वर नेलं, खाली आणलं. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सगळा धीर गोळा करून नर्सला विचारलं, "ताई, पुरुषांचं पण बघता का?" ताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो काका, तुम्हाला कशाला हवंय ते?" मग काकाही हसले, हत्यारांची पिशवी उचलली आणि घरी आले. पुढे सात महिने मूग गिळून बसले. मला कळलं तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

डॉक्टरीण बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "हा कॅन्सर झालेल्या शंभर जणांत एखादा पुरुष असतो." वा! जन्मात कधी सोडतीत साधा डबा लागला नाही, लागला तो हा नंबर. ऑपरेशन 'छातीवरील गाठ' म्हणून आमच्या आरोग्य विम्यात बसलं, कारण छाती सगळ्यांना असते. पण पुढे पाच वर्षं रोज गोळी आणि दर महिन्याला इंजेक्शन. ते थांबलं तर आजार उलटू शकतो, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. एवढं औषध विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. विम्यात ते होतं, नाही असं नाही. फक्त 'महिला आरोग्य' या भागात होतं.

विम्याच्या काउंटरवर डोक्यावर चष्मा चढवलेला एक कारकून बसायचा. म्हणाला, "पुरुष टाकलं की पुढचं पानच उघडत नाही, मॅडम."

"मग?"

"मग स्त्री टाकू. सगळं सुरळीत."

मिस्त्री म्हणाले, "मी सही करणार नाही. जे नाही ते कसं लिहू?"

मी त्यांना कोपराने ढोसलं. "तुमच्या मिशा कॉम्प्युटरला दिसतायत का? करा सही." केली बिचाऱ्यांनी.

पुढचं पान उघडलं. पाळी कधी बंद झाली? कारकून म्हणाला, "हे सोडा, राहू दे रिकामं." रिकामं? माझ्यासमोर? मी ताडकन म्हटलं, "लिहा, एकोणपन्नासाव्या वर्षी." माझंच वय होतं ते, तोंडात आयतं आलं. दोन मिनिटांत मंजुरी आणि चार दिवसांनी 'प्रिय भगिनी' म्हणून पत्र. ते वाचून लेकीने आठवडाभर बाबांना मावशी म्हटलं. मिस्त्रीही हसले, औषध सुरू झालं होतं ना.

वर्षभराने दुसरं पत्र आलं. पाळी बंद झालेल्या भगिनींना या गोळ्यांमुळे गर्भाशयाचा धोका संभवतो, सबब गर्भाशयाच्या सोनोग्राफीचा अहवाल जोडावा, तोपर्यंत औषध स्थगित. म्हणजे विम्याच्या कृपेने माझ्या नवऱ्याला गर्भाशय मिळालं आणि मिळाल्या मिळाल्या ते धोक्यातही आलं! कारकुनाने वर ऐकवलं, "मी म्हटलं होतं मॅडम, तो रकाना रिकामा ठेवला असता तर हे निघालंच नसतं."

"मग पुरुष करा परत."

"तर जुनी मंजुरीच रद्द होईल. प्रकरण दुरुस्ती समितीकडे जाईल."

"समिती कधी बसते?"

"नेमायचीय अजून."

चार आठवडे गोळी नाही, इंजेक्शन नाही. मी जिभेने कितीही तिखट असले तरी त्या दिवसांत मनातून पार खचले होते. त्यांना साधा खोकला आला तरी मी रात्री उठून बसायचे. माझ्या एका आगाऊ उत्तरापायी हा माणूस माझ्या हातून जाणार, हेच सारखं वाटायचं. मिस्त्री मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या आठवड्यात काउंटरवर वरच्या अधिकारी बाई होत्या. आमच्या मागे पंधरा-वीस बायकांची रांग. बाई कागदावरून मान वर न करताच म्हणाल्या, "पेशंटला घेऊन या."

"मीच पेशंट," मिस्त्री म्हणाले.

"अहो, तुम्ही नाही. ताईंना आणा."

मिस्त्रींनी शर्टाची बटणं काढली. सावकाश, एकेक. मग बनियन गळ्यापर्यंत वर केला. डावीकडे नुसता आडवा व्रण आणि त्याखाली फासळ्या. "ह्या बघा ताई," ते म्हणाले.

"शर्ट घाला आधी! इथे बायका आहेत!" बाई ओरडल्या.

रांगेत डोक्याला रुमाल बांधलेली एक जण होती. ती म्हणाली, "आम्हालाही तिथेच कापलंय, मॅडम. आमची काळजी नका करू, त्यांचं काम करा." मागून आणखी दोघी-तिघी बोलायला लागल्या.

बाईंनी बराच वेळ कॉम्प्युटर धुंडाळला. अहवाल नसल्याचं कारण म्हणून तिथे दोनच पर्याय होते: 'गर्भवती' आणि 'गर्भाशय काढलेले'. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंड उघडलं नाही.

"काढलंय," मिस्त्री म्हणाले. "टाका."

औषध मंजूर झालं. मला तिथेच रडू फुटलं, कुणाचीही पर्वा न करता रडले.

बाहेर जिन्यात, मघापासून दारातून सगळं बघत असलेला एक जण मागून धावत आला. बसचालकाचा गणवेश, दणकट अंगाचा. आधी वर-खाली बघून घेतलं, मग हळूच म्हणाला, "काका, मलापण निघालंय. उजवीकडे. आत गेल्यावर काय लिहायचं? पुरुष लिहिलं तर चालेल ना?"

मिस्त्रींनी उलट विचारलं,

"मुलं किती?"

"दोन. लहान आहेत."

"स्त्री लिहा," मिस्त्री म्हणाले. "आणि गर्भाशय आजच काढून टाका."