चौथ्या डिस्कचा नंबर

सबूर हे त्याचं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचण्याइतकी सवड काढून त्याच्याकडे कधी कुणी आलं नाही. जो तो बंद पडलेलं मशीन काखेत मारून, "आत्ताच्या आत्ता" म्हणत यायचा, आणि हा चष्मा नाकावर सरकवत म्हणायचा, "सबूर." तीस वर्षं संगणक दुरुस्त करून त्याची पाठ थोडी वाकली होती आणि नियम तेवढे ताठ राहिले होते. जे पुसायचं तेवढंच मशीनमध्ये ठेवायचं, बाकीचं टेबलावर. पडद्यावर 'खात्री आहे का?' असा प्रश्न आला की खुर्चीवरून उठून पाणी प्यायचं आणि मग उत्तर द्यायचं. मनात 'बहुतेक' हा शब्द आला तर बटणावरचं बोट काढून घ्यायचं. अशा माणसानं जन्मात एकदाच घाई केली होती, आणि ती तीन वर्षांनी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर आली.

जागा होती साडूंच्या कचेरीतली मागची खोली. साडू जमिनींच्या मोजण्या करत. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयानं आठ वर्षांनी मोठे, म्हणून सबूर त्यांना अण्णा म्हणे. अण्णांचे दोन सिद्धांत होते. पहिला, जे नोंदवहीत नाही ते जगात नाही. दुसरा, वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. या दुसऱ्या सिद्धांतापायी त्यांनी सासऱ्यांची दुर्बीणसुद्धा नाकारली होती, आणि सासरे मरेपर्यंत ती गोष्ट विसरले नव्हते.

त्यांचे तीस वर्षांचे नकाशे एका सर्व्हरवर होते. कागदी प्रती त्यांनी संगणक आला त्याच वर्षी रद्दीत घातल्या, कारण घडी पडलेला नकाशा त्यांना बघवत नसे. बॅकअप होता, तो त्याच सर्व्हरवर 'सुरक्षित' नावाच्या फोल्डरात होता. परवा सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. त्या जातीचा नवा सर्व्हर यायला महिना लागणार होता, आणि आज तीन वाजता सुनावणी होती. एका शाळेच्या मैदानावर शेजारच्या गोदामवाल्यानं हक्क सांगितला होता. अकरा वर्षांपूर्वीची मोजणी अण्णांची, जागेवरचे खुंटे गोदामवाल्याच्या ट्रकनी कधीच चिरडलेले. तो एक नकाशा अडीचपर्यंत वकिलाच्या हातात पडला तर मैदान शाळेचं, नाहीतर तिथे गोदामाची नवी शेड उभी राहायला तयारच होती.

म्हणून अण्णांच्या कचेरीत वापरलेला सर्व्हर आला. बंद पडलेल्या एका कपड्याच्या कारखान्यातला, 'शिवण विभाग, हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेला. अण्णांनी तो स्पिरिटनं तीनदा पुसला होता. चालू केला की त्याचे पंखे असे घोंघावत की वरच्या मजल्यावरून अण्णांच्या पत्नी, ताई, ओरडत, "खाली मिक्सर कोण लावतंय?"

सबूरनं सकाळपासून घाई केली नव्हती. कारखान्याच्या चार डिस्क त्या मशीनमध्ये होत्या आणि आतल्या 'रेड' कार्डानं त्या एकत्र बांधल्या होत्या, चारही मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या. ही जुनी बांधणी मोडून त्यांतल्या दोन डिस्कची नवी जोडी करायची, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिलं जाईल. उरलेल्या दोन बाहेर काढून ठेवायच्या, आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्या जोडीवर चढवायची. अण्णांच्या चार डिस्क तोवर टेबलावर, फडक्यावर, ओळीत ठेवलेल्या. "सगळी माहिती जाईल, खात्री आहे का?" पडद्यानं विचारलं. सबूर उठला, पाणी प्याला, परत आला, टेबलावरच्या डिस्क मोजल्या. चार. मग 'येस' टाइप केलं. शिवण विभाग एका क्षणात गेला.

"गेलं?" अण्णांनी विचारलं.

"गेलं."

"एवढ्यात? त्या कारखान्यात दोनशे माणसं होती."

मशीन बंद करून त्यानं अण्णांच्या चार डिस्क बसवल्या आणि पुन्हा चालू केलं. कार्डानं कळवलं की चार परक्या डिस्क सापडल्या आहेत, त्यांच्यावर कुठल्यातरी दुसऱ्या कार्डाची बांधणी आहे. ती स्वीकारायची की पुसून टाकायची?

"परक्या?" अण्णा दुखावले. "तीस वर्षांचे नकाशे माझे, आणि मी परका? शिवणवाले घरचे?"

"त्याच्या भाषेत, अण्णा. आता स्वीकारा म्हटलं की झालं." सबूरचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा." अण्णांनी कपाटातून नोंदवही काढली. "खुंटा पाहिल्याशिवाय मी रेघ ओढत नाही. या चार डिस्कचे नंबर मी बिल आलं त्या दिवशीच लिहून ठेवलेत. पडद्यावरचे वाचा."

सबूरचं बोट बटणावरच राहिलं. नोंदवहीत रबरी शिक्क्यांच्या शाईच्या बाटल्यासुद्धा असतात हे त्याला ठाऊक होतं. डिस्कही असतील हे तीन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"वाचा ना. एक वाजून वीस झालेत."

"पहिली. शेवटचे चार आकडे, सात शून्य एक नऊ."

"सात शून्य एक नऊ. बरोबर."

"दुसरी. सात शून्य दोन दोन." या दुसऱ्या डिस्कसमोरचा दिवा हिरव्याऐवजी पिवळा लुकलुकत होता. याचा अर्थ डिस्क चालते आहे, पण फार दिवसांची सोबती नाही. अण्णांना वाटलं असावं की पिवळा हाही एक रंगच.

"बरोबर."

"तिसरी. सात शून्य दोन चार."

"बरोबर. चौथी?"

सबूरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडे तेच होते.

"एक पाच आठ तीन."

अण्णांचं बोट नोंदवहीतल्या ओळीवर थांबलं. "माझ्याकडे सात शून्य तीन शून्य आहे." त्यांनी वर पाहिलं. "ही आपली डिस्क नाही."

"कार्ड म्हणतंय ना, चारही एकाच बांधणीतल्या आहेत."

"कार्ड काल शिवण विभागात होतं. त्याला माझ्या नकाशांतलं काय कळतं? मशीन आणून टाकणाऱ्या त्या भंगारवाल्यानं डिस्क बदलली असणार. मी चहा सांगायला वर गेलो होतो, तेवढ्यात. काढा ती बाहेर. माझ्या तीन डिस्कवर नकाशे निघतील ना? तुम्हीच सांगितलं होतंत, चारांतली एक गेली तरी चालतं."

चाललं असतं. हीच तर अडचण होती. चारांतल्या कुठल्याही तीन डिस्कवरून कार्ड सगळं पुन्हा जुळवू शकत होतं. भंगारवाला तर सकाळीच आपल्या टेंपोतून निघून गेला होता, त्याला काही विचारायचा प्रश्न नव्हता, आणि तोंडातून एक अक्षर न काढता सबूर या सगळ्यातून सुटला असता. फक्त मग तीनच डिस्क उरत होत्या, त्यांतली एक पिवळी. ती पुढच्या तासाभरात गेली तर दोन उरतात, आणि दोनांवरून काहीच जुळत नाही. ना शाळेचं मैदान, ना तीस वर्षांतलं दुसरं काही. जाईलच असं नाही. बहुतेक जाणार नाही.

बहुतेक. त्यानं बटणावरचं बोट काढून घेतलं.

"अण्णा, भंगारवाल्यानं काही केलेलं नाही. ती डिस्क मी बदलली."

"कधी? आत्ता?"

"तीन वर्षांपूर्वी. तुम्ही धरणाच्या मोजणीला गेला होतात, पंधरा दिवस. एक गेली होती. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, नवी बसवली म्हणून."

"हो, सांगितलं होतंत. मग? नवी आहे ना?"

बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी शटर खाली ओढलं. सबूरनं तो आवाज पूर्ण होऊ दिला.

"नाही. तसली नवी बाजारात मिळत नव्हती. आणि तुम्हाला जुनी चालली नसती. दुसरी जायच्या आत एक बसवणं भाग होतं. मी घाई केली."

अण्णा खुर्चीत बसले. "म्हणजे तीन वर्षं," ते सावकाश म्हणाले, "माझे नकाशे कुणाच्या तरी उतरलेल्या डिस्कवर—"

"कुणाच्या तरी नाही. माझ्या घरची होती."

"घरची म्हणजे?" हा आवाज दारातून आला. ताई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या; किती वेळ ते कळायला मार्ग नव्हता. "तुमच्या टेबलाखालच्या त्या मोठ्या डब्यातली? ज्यात आमचे विणकामाचे नमुने होते?"

जगाला डिस्क जोडीनं लावा म्हणून सांगणाऱ्या सबूरच्या स्वतःच्या घरी एकच डिस्क होती. ती काढण्याआधी त्यानं नमुने दुसरीकडे उतरवून घेतले होते. निदान त्याला तसं वाटलं. त्या घाईत उतरवला गेला तो फक्त फोल्डरचा शॉर्टकट, म्हणजे नुसता पत्ता, आत काही नाही. दोघी बहिणींनी सात वर्षं जमवलेले नमुने गेले. बायकोला त्यानं सांगितलं होतं की डिस्क जळाली.

"धाकटी तर म्हणाली जळाली," ताई म्हणाल्या. "दोन दिवस रडत होती हो. भावोजी?"

"जळाली नव्हती, ताई."

ताईंनी कप टेबलावर ठेवले आणि जिना चढून गेल्या. त्या फोनकडे गेल्या हे पावलांवरून कळत होतं.

"आत्ता मला एकच सांगा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मोजणीच्या वेळी असतो तसा सपाट झाला होता. "ही काढायची की ठेवायची?"

"ठेवायची. दुसरीचा दिवा पिवळा आहे. ही काढली आणि ती गेली, तर सगळं गेलं."

"आणि यावर मी विश्वास ठेवायचा. तीन वर्षं नवी म्हणून जुनी वापरायला देणाऱ्या माणसावर."

"माझ्यावर नका ठेवू. ती चालते आहे, तेवढं बघा."

घड्याळात एक पस्तीस झाले होते. वकिलाचा फोन आला, अण्णांनी मोबाइल उलटा ठेवला. मग त्यांनी टोपण काढून पेन घेतलं, नोंदवहीतल्या सात शून्य तीन शून्यवर पट्टी ठेवून रेघ मारली, शेजारी एक पाच आठ तीन लिहिलं, तीन वर्षांपूर्वीची तारीख घातली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वापरलेली'. वही त्यांनी सबूरपुढे सरकवली.

"सही."

सबूरनं सही केली. अण्णांनी ती वाचायला चष्मा लावला. हे नाव त्यांनीही बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आता दाबा."

त्यानं दाबलं. कार्डानं चारही डिस्क स्वीकारल्या. यापुढे अण्णा परके नव्हते, निदान मशीनच्या दृष्टीनं. सबूरनं ऑपरेटिंग सिस्टीमचा पेन ड्राइव्ह लावला. कुठे चढवायची ते विचारायला पडद्यावर दोन नावं आली, एक लहान, एक मोठं. लहान म्हणजे शिवणवाल्यांची जोडी, मोठं म्हणजे तीस वर्षं. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. तो उठला, पाणी प्याला. अण्णाही उठले. तेही पाणी प्याले. मग त्यानं लहान नाव निवडलं, पुन्हा वाचलं, अण्णांकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि एंटर दाबलं.

टक्के चढत गेले. चहा गार झाला. वरून ताईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येमध्ये त्या थांबत आणि ते थांबणं सबूरला बोलण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं.

दोन वाजून बारा मिनिटांनी मोठी डिस्क उघडली. फोल्डर जागच्या जागी होते, 'सुरक्षित'सुद्धा. अण्णांनी लॅपटॉपवर शाळेचा नकाशा उघडला, कोपरे मोजले, पूर्वेची हद्द बोटानं दाखवली आणि वकिलाला पाठवायला लावला. फाइल जड होती. ती अर्ध्यावर असताना सर्व्हरनं किंचाळायला सुरुवात केली. एक लांब, चिरका, न थांबणारा आवाज.

"काय झालं?" अण्णा उभे राहिले.

पिवळा दिवा तांबडा झाला होता.

"एक गेली."

"कुठली?"

"तुमच्या नोंदीतली."

अण्णांनी टेबलाची कड धरली. "आणि नकाशा?"

"उरल्या तीन. माझी धरून." सबूर पडद्याकडेच बघत होता. सत्तर टक्के. एकोणऐंशी. किंचाळणं चालू होतं. ते बंद करायचं बटण त्याला माहीत होतं, पण या क्षणी त्याला मशीनमधल्या कशालाच हात लावायचा नव्हता. ब्याण्णव. शंभर. फोन वाजला, आणि वकील म्हणाले, "आला. पूर्वेची हद्द हीच ना?"

"हीच," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. मग म्हणाले, "आता ते ओरडणं बंद करा."

सबूरनं आवाज बंद केला. टेबलावर उरलेल्या शिवणवाल्यांच्या दोन डिस्कपैकी एक उचलली, तिच्यावरची जुनी खूण पुसली आणि मेलेलीच्या जागी बसवली. कार्ड तीन डिस्कवरचं वाचून तिच्यावर लिहायला लागलं. सहा तासांचं काम होतं, आणि त्यात माणसाची गरज नव्हती.

अण्णांनी नोंदवही पुन्हा उघडली. "नंबर सांगा."

"चार चार शून्य सहा."

त्यांनी लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पेन क्षणभर अडलं, मग त्यांनी वरच्या ओळीकडे बघून तिथे फक्त 'वरीलप्रमाणे' लिहिलं.

"जा तुम्ही घरी," ते म्हणाले. "जेवला नसाल."

"बघतो थोडा वेळ. मध्येच अडलं तर?"

"अडेल?"

"बहुतेक नाही."

ताई खाली आल्या. गार चहाचे कप उचलले, तांबड्या दिव्याच्या जागी लुकलुकणारा हिरवा दिवा पाहिला.

"धाकटीशी बोलले," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलंय, सावकाश या."

सबूरनं पडद्याकडे पाहिलं. चार टक्के झाले होते. त्यानं खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.