खऱ्या वाक्यांच्या बाई

बाईंना चुकीचं इंग्रजी चालायचं. खोटं इंग्रजी चालायचं नाही. 'ही डू' म्हणा, 'आय गोज' म्हणा, त्या हळूच दुरुस्त करून पुढे जायच्या. पण 'माय हॉबी इज रीडिंग' म्हटलं की चष्मा नाकावर यायचा. "शेवटचं काय वाचलंस?" परभणीच्या एका मुलानं सांगितलं होतं, "शिफ्टचा बोर्ड." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "मग मुलाखतीत तेच सांग. ते तरी खरं हाय."

पिंपळे गुरवला, त्यांच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये क्लास भरायचा. स्कूटरी भिंतीला लावल्या की झाला वर्ग. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून बाई रिटायर झालेल्या. सासरच्या वावरात चार मजले उभे राहिले होते. खाली सगळे भाडेकरू, वरती बाई एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इंग्रजी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. मराठी मात्र माहेरची, निघोज्याची, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. आमची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, जिल्हे राहायचे. "ए लातूर, फळा पूस. ए परभणी, मागं काय चाललंय?" मी बीड.

मी बीएस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागले ती ट्रेनी म्हणून. कायम व्हायचं तर इंग्रजीत मुलाखत, म्हणून बाईंकडे. त्यांच्याच दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. चौघींच्या शिफ्टा वेगळ्या. खोलीत कायम कुणीतरी असायचं, पण झोपलेलं. त्यात आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. जगाला रविवार, आम्हाला गुरुवार. ओळखीपाळखीची माणसं घरी असायची तेव्हा आम्ही मशिनपाशी, आणि आम्ही मोकळे तेव्हा त्यांच्या दारांना कुलपं. म्हणूनच गुरुवारी बाईंचा वर्ग गच्च भरायचा. त्यातले शिकायला किती यायचे आणि नुसते चार माणसांत बसायला किती, ते बाईंनाही माहीत होतं.

एका गुरुवारी त्यांनी फळ्यावर 'लुक आफ्टर' लिहिलं. सांभाळणं, काळजी घेणं. "मुलाखतीत लई वापरत्यात. आय लुक आफ्टर धिस, आय लुक आफ्टर दॅट. तुमीबी वापरा. पण खरोखर काय सांभाळता, तेवढंच सांगा."

मी उठले. "आय लुक आफ्टर टू मशिन्स."

"मशिन बिघडलं तर तुला कसं कळतं?"

"आवाज बदलतो, बाई. माप चुकायच्या आधी आवाज बदलतो."

"मग खरं हाय. बस खाली."

लातूर उभा राहिला. "आय लुक आफ्टर माय मदर."

"आई कुटं?"

"गावाकडं."

"आन् तू?"

"इथं. कॉट बेसिसवर."

"मग सांभाळतोस कसा?"

"पैसे पाठवतो की, बाई."

"त्याला सेंड मनी म्हणत्यात."

एरवी आम्ही हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्याच आया गावाकडं होत्या. लातूर खाली बसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "मग बाई, तुमचं वाक्य सांगा."

बाईंनी खडू फळ्याला टेकवला. 'आय लुक आफ्टर' म्हणाल्या आणि थांबल्या. मग खडू ठेवून दिला. "माझ्याकडं न्हाई. सांभाळावं असं कुणी ऱ्हायलं न्हाई. चला, पुढचा."

"असं कसं?" परभणी मागून ओरडला. "तुम्ही आम्हाला उठवता ते?"

ते खरं होतं. पहिल्या शिफ्टची बस अंधारात यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. बस चुकली की खाडा. अलार्मचं काय, तो झोपेतच बंद करता येतो. म्हणून ज्याची पहिली शिफ्ट, त्याला बाई पहाटे मिसकॉल द्यायच्या. आपण उठून उलट मिसकॉल द्यायचा. तो पोचेपर्यंत बाई रिंग देतच राहायच्या. त्यांच्यापुढं झोपेचं काही चालायचं नाही.

"उठवणं म्हंजे वेक अप," बाई म्हणाल्या. "सांभाळणं येगळं." नियम त्यांचाच होता आणि त्यातून त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

मुलाखतीत मी दोन मशिनचं वाक्य म्हटलं, आणि साहेबांनी तोच प्रश्न विचारला, बिघडलं तर कसं कळतं? मला उत्तर पाठ नव्हतं, माहीत होतं. मी कायम झाले. पेढे घेऊन वर गेले तेव्हा बाई एका ताटात जेवण वाढून घेऊन टीव्ही न लावता बसल्या होत्या.

"आता मोठी खोली बघशील," पेढा हातात धरून त्या म्हणाल्या. "जाशील न्हवं?"

"नाही, बाई."

"खरं सांग."

"आत्ता तरी नाही."

"हां," म्हणाल्या, आणि मगच पेढा खाल्ला.

गेल्या त्या बाईच. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि निघोज्याहून भाचा गाडी घेऊन आला. माणूस चांगला. "आत्या, आता एकटं राहायचं नाही."

"एकटी कुटं? वर्ग हाय की."

"वर्ग रात्री पाणी आणून देणार का?"

 पार्किंगमध्ये आम्ही सगळे उभे होतो. गाडीत बसताना त्या आमच्याकडं वळून म्हणाल्या, "घ्या, वाक्य मिळालं. माय नेफ्यू विल लुक आफ्टर मी." भाचा खूश झाला. काच वर जाता जाता बाई म्हणाल्या, "खरं हाय का, ते कळंल."

निघोजं आमच्या कंपनीपासून जवळच. एका गुरुवारी गेले. मोठा बंगला, दारात दोन गाड्या, बाईंना पुढची हवेशीर खोली. भाच्याची बायको येऊन औषध देऊन गेली, उशी नीट करून गेली. बाईंनी सोलायला लसणाची पाटी मागितली तर ती हसून म्हणाली, "आत्या, तुम्ही आराम करा." मग ती आत गेली, आणि बराच वेळ कुणी आलं नाही.

"वाक्य खरं निघालं, बीड," बाई म्हणाल्या. "समदे सांभाळत्यात. कुणाला नावं ठिवू? हातात काय देत न्हाईत, एवढंच." मग उशाचा फोन दाखवत म्हणाल्या, "पहाटं तुमचा येतो, त्योच. मग दिवसभर ह्यो मुका."

कारण मिसकॉल त्यांनी सोडले नव्हते. अंथरुणावर पडल्या पडल्या, पण सगळ्यांच्या शिफ्टा ध्यानात ठेवून त्या रिंग द्यायच्या. हळूहळू नंबर कमी झाले. लातूर नोकरी सोडून गावी गेला, आईपाशी. बाईंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "आता त्याचं वाक्य खरं झालं." परभणीला दुसरीकडं काम लागलं. शेवटी मी एकटी उरले. मला तोवर अंगवळणी पडलं होतं, मिसकॉलच्या आधीच जाग यायची. तरी मी पडून राहायचे. फोन थरथरला की उलट रिंग द्यायची, मगच उठायचं.

एका पहाटे फोन थरथरला नाही.

मी पडून राहिले. मग मीच रिंग दिली. एकदा, पुन्हा एकदा. बसमध्ये बसले ती कंपनीत गेलेच नाही, निघोज्याच्या फाट्यावर उतरले. बंगल्याच्या दारात चपलांचा ढीग होता. भाच्यानं मला ओळखलं, बाजूला घेतलं. झोपेतच गेल्या, म्हणाला. मग म्हणाला, "रोज पहाटे आत्याचा फोन वाजायचा. आम्हाला वाटायचं, अलार्म लावलाय."

 त्या पहाटेच्या माझ्या रिंगाही त्याच फोनवर गेल्या होत्या.

पिंपळे गुरवच्या त्या पार्किंगमध्ये आता नुसत्या गाड्या असतात. मी अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे. आमच्या खोलीत यंदा दोन नवीन ट्रेनी मुली आल्या, एक जालन्याची, एक हिंगोलीची. माझी दुसरी शिफ्ट असली आणि त्यांची पहिली, तर मी पहाटे ठरलेल्या वेळी उठते. एकाच खोलीत असून मिसकॉल देते. जालना वैतागते, "ताई, हात लावून उठवा की!" मी म्हणते, "उलट रिंग दे आधी."

बाई म्हणायच्या, त्याला वेक अप म्हणतात, सांभाळणं वेगळं. त्यांचं इंग्रजी कधी चुकलं नाही. पण बाईंनी खोटं ठरवलेलं हे एक वाक्य मी खोटं मानत नाही. शी लुक्ड आफ्टर अस. ते खरं आहे. आता ते तपासायला त्या नाहीत, म्हणून मीच तपासते, पहाटे, जालन्याचा उलट मिसकॉल येईपर्यंत.