त्याच ट्रॅकवर

"तुम्ही कुठे निघालात? तुम्ही तिथंच बसा. हेडफोनमध्ये देतो ना ऐकायला."

संगीतकार सर दार अर्धं उघडून उभे होते. मी बेस गिटार स्टँडवर ठेवून उठलो होतो. पहिल्या गाण्याचा टेक नुकताच झाला होता. टेक झाला की वाजवणारे काचेपलीकडच्या खोलीत जाऊन ऐकतात, कोण कुठे चुकलं ते बघतात, अशी स्टुडिओची रीतच असते. कीबोर्डवाला आत गेला. बासरीवाला गेला. गाणाऱ्या ताई आतच होत्या. मी दारापर्यंत पोचलो आणि हे वाक्य आलं. वर आणखी एक.

"आत फार गर्दी होते हो."

आत सोफा होता. त्यावर दोन माणसांची जागा रिकामी होती. काचेतून मला स्वच्छ दिसत होती.

मी परत येऊन स्टुलावर बसलो. हेडफोन कानाला लावला. पलीकडे माना डोलत होत्या, बोटं ताल धरत होती. म्हणजे गाणं चालू होतं. माझ्या हेडफोनमध्ये काहीच येत नव्हतं. विसरले असतील, मी स्वतःची समजूत घातली. गाणं संपेपर्यंत मी तो मुका हेडफोन घालून बसलो. आणि मान हलवत होतो. ऐकतोय असं दाखवत होतो. कुणाला दाखवत होतो? माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

स्टुडिओ कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत होता, बंगल्याच्या तळमजल्यावर. कॅसेटचा जमाना. सरांनी समतेच्या गाण्यांचा अल्बम काढायला घेतला होता. माणूस सगळा एक, रक्ताचा रंग एक, अशी आठ गाणी. चाली चांगल्या होत्या. खोटं कशाला बोलू? मला आवडल्या होत्या.

सरांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. कायम 'तुम्ही'. आमच्या पुण्यात अपमानसुद्धा अहोजाहो करून होतो. पहिल्या दिवशी पायरीवर म्हणाले, "आमच्याकडे चपला बाहेर काढतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे, मला कल्पना नाही." मी चपला काढल्याच होत्या. हातात होत्या.

मला तिथे नेलं होतं रशीदचाचांनी. ढोलकी वाजवायचे. भवानी पेठेत राहायचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. ऑर्केस्ट्रात आम्ही एकत्र वाजवायचो. चाचा टेक झाला की कधीच आत जायचे नाहीत. ढोलकीवर रुमाल टाकून जागेवरच बसायचे. "मला इथंच बरं वाटतं," म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, आतला एसीचा गारवा त्यांना सोसत नसेल.

माझे वडील हडपसरच्या एका बँडपार्टीत मोठा ढोल वाजवायचे. बापजाद्यांपासून वाजवणारी आमची जात. लोकांच्या वरातीत वाजवायचं आणि जेवणाच्या वेळी मांडवाबाहेर थांबायचं. पानं उठली की मग आमची पंगत, तीही उकिरड्याच्या बाजूला. वडिलांना शाळा नव्हती, सूर वगैरे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. पण ढोलाचा ठोका कुठे पडायला हवा, ते त्यांच्याइतकं मी आजवर कुणाला कळलेलं पाहिलं नाही. ठोका किंचित उशिरा यायचा. आता पडेल, आता पडेल, असं वाटायचं आणि मग पडायचा. एकदा मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, "ढोल पुढं पळवायचा न्हाय. माणसं चालत्यात, त्यांच्या पायाखाली टाकायचा."

त्याच वर्षी, या रेकॉर्डिंगच्या थोडं आधी, ते गेले. त्यांचं वाजवणं कुणी कधी टेपवर घेतलं नव्हतं. कोण घेणार? फोटो एक होता, बँडच्या लाल कोटातला. आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहावं गाणं होतं. सावकाश लयीचं. मी आणि चाचा एकदम वाजवत होतो. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्या कडव्याला माझा हात बदलला. मी ठरवलं नव्हतं. सूर किंचित उशिरा पडायला लागले. एक सूर मी सोडून दिला आणि पुढच्यावर वरून घसरत आलो. मला कळलं, हे वडील आहेत. अंगात येणं वगैरे मी मानत नाही. पण तो ठोका त्यांचाच होता. दुसरीकडून मला तो येणारच कुठून? चाचांनी मान वर केली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि ढोलकी माझ्या मागे आणली. शेवटपर्यंत आम्ही तसेच गेलो.

टेक संपला. चाचा एवढंच म्हणाले, "वा बेटा."

आत ऐकायला सुरुवात झाली. आम्ही दोघं बाहेर, हेडफोन कानाला. आणि त्या दिवशी टेकनंतर पहिल्यांदा माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला. काचेपलीकडे एक बटण असतं, ते दाबून आतले बोलले की बाहेर आम्हाला ऐकू येतं. ते बटण अधूनमधून अडकायचं. रेकॉर्डिस्टला ते रोज नखाने वर काढावं लागायचं. त्या दिवशी तो विसरला. आतल्या स्पीकरवर वाजणारं गाणं आमच्या कानात दबकं येऊ लागलं. मी माझं वाजवणं ऐकलं. ते एकदाच.

मग सरांचा आवाज.

"हे काय वाजवलंय? वरात चाललीये का कुणाची?"

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "सर, मला तर बरं वाटलं."

"बरं आहेच. पण आपल्या गाण्यात बसत नाही. या लोकांना कुठेही न्या, वस्ती बरोबर घेऊन येतात."

कुणीतरी हसलं. बाईचं हसणं होतं. ज्या ताई रक्ताचा रंग एक म्हणून गात होत्या, त्यांचं.

"परत घेऊ," सर म्हणाले. "साधं मागा त्याच्याकडून."

"टेपवर जागा नाही सर. सोळाच्या सोळा ट्रॅक भरलेत. त्याच ट्रॅकवर घ्यावं लागेल, हे पुसलं जाईल."

"जाऊ द्या की. त्याला सांगत बसू नका, उगाच वाद घालेल. सेफ्टीसाठी एक घेतोय म्हणा. हल्ली लगेच डोक्यावर बसतात हे लोक."

समोर नसलेला माणूस अहोजाहोतून किती पटकन उतरतो! मी तर समोर होतो. काचेच्या अलीकडे, दहा पावलांवर.

मी चाचांकडे बघितलं. त्यांच्याही कानाला हेडफोन होता. त्यांनी ढोलकीची वादी ओढून बघायला घेतली, ती सैल झाली नव्हती तरी. तेव्हा मला समजलं, चाचा आत का जात नाहीत ते.

बटणाचा खट्ट आवाज झाला. मग मध लावलेला आवाज, थेट माझ्यासाठी.

"फार सुंदर झालं हं! फक्त सेफ्टीसाठी एक घेऊ या. बेस एकट्याचा. अगदी साधं ठेवा."

आता खरं सांगायला हवं. सरांनी काय केलं ते मी शंभर वेळा सांगितलंय. मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी म्हणालो, "हो सर."

मला सगळं माहीत होतं. खाली काय आहे, त्याचं काय होणार आहे. तरी तोंडातून 'हो सर' बाहेर पडलं. वडील मांडवाच्या दारात 'व्हय मालक' म्हणायचे ना, तसंच. लाल दिवा लागला. टेप फिरायला लागली आणि मी वाजवायला लागलो. सरळ, आज्ञाधारक, वेळच्या वेळी. पहिलं कडवं गेलं. दुसरं अजून टेपवर शाबूत होतं. कडव्यांच्या मधे बासरी होती. तेवढ्या वेळात मी हात उचलू शकलो असतो. ओरडू शकलो असतो. आठ मात्रा. मी मोजल्या. आठवी संपली आणि मी दुसऱ्या कडव्यात शिरलो. जो सूर आधी सोडला होता, तिथे आता सूर वाजवला. जिथे घसरत आलो होतो, तिथे ठोकळ्यासारखा उभा राहिलो. कुठल्या क्षणी काय पुसलं जातंय, मला एकेक ठाऊक होतं. माझ्या वडिलांचा जगात उरलेला एवढाच आवाज. मी माझ्या बोटांनी पुसला. सरांनी नुसतं सांगितलं होतं.

शेवटचा सूर विरला.

"परफेक्ट!" हेडफोनमध्ये आवाज. "आता कसं! या, या, आत या ऐकायला."

तिसऱ्या दिवशी आमंत्रण मिळालं. पुसल्याचं बक्षीस. मी गेलो. सोफ्यावर जागा करून दिली त्यांनी. मी उभाच राहिलो. रेकॉर्डिस्टने गाणं लावलं. माझा बेस चांगल्या घरच्या नोकरासारखा गाण्यात वावरत होता. सर म्हणाले, "बघा, किती स्वच्छ वाटतंय."

मी म्हणालो, "आधीचं लावा."

"कुठलं आधीचं?"

"वरातीचं."

ताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. रेकॉर्डिस्टने त्या बटणाकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ते गेलं," तो खाली बघत म्हणाला. "त्याच ट्रॅकवर घेतलं आपण."

सर सावरले. अशी माणसं पटकन सावरतात. "अहो, गैरसमज करून घेऊ नका. मी जात मानत नाही. आपण इथे गाणी कसली करतोय, बघा तरी."

"तेच बघतोय सर."

"बरं, तसं वाजवायचं असेल तर वाजवा परत. माझी हरकत नाही."

माझी हरकत नाही! बाप हवा असेल तर आणा परत, अशातला प्रकार. मी संतापलो होतो. आणि तो संताप निम्मा माझ्यावरच होता.

मी म्हणालो, "हेही पुसा. मग मी जातो."

"असं कसं? झालेलं काम आहे."

"वाजवलंय मी."

"आणि गाणं माझं आहे," सर म्हणाले. या वेळी आवाजात मध नव्हता.

मी बाहेर आलो, बेस खोळीत भरला. दोन गाणी राहिली होती. चाचा हळूच म्हणाले, "बेटा, जाने दे. मी पण ऐकलं. मी किती वर्षं ऐकतोय." त्यांचे डोळे भरले होते. पण ते उठले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः 'हो सर' म्हणून बसलो होतो. त्यांना कुठल्या तोंडाने बोलू?

अल्बम आला. चालला. सहावं गाणं तर फारच चाललं. शाळांच्या स्नेहसंमेलनात, मार्केट यार्डातल्या हमालांच्या मेळाव्यात, आमच्या वस्तीत जयंतीच्या कर्ण्यावर. रिक्षात बसलो तर रिक्षात. कुठूनही ते सुरू व्हायचं आणि मी दुसऱ्या कडव्याची वाट बघत ताठ होऊन बसायचो. दर वेळी वाटायचं, या वेळी तो सूर गाळलेला असेल. तो कधीच गाळलेला नसायचा. आईला मोठ्या कौतुकाने कॅसेट ऐकवली शेजाऱ्यांनी. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि मला विचारलं, "ह्यात तुजं कुठं हाय?"

मी ते परत वाजवायचा प्रयत्न केला. घरात एकट्याने, कितीतरी दुपारी. सूर आठवतात. कुठे थांबलो होतो तेही आठवतं. पण किती थांबलो होतो, ते हात सांगत नाहीत. एखादी वरात रस्त्यावरून जात असली की मी कामधाम सोडून मोठ्या ढोलामागे चालत जातो. लोकांना वाटतं, लग्नघरचा आहे. दोन चौक चालतो आणि परत फिरतो. हेडफोन कानाला लावला की टेक सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत मला अजून तो खट्ट आवाज ऐकू येतो. त्यानंतर मध. नवी यंत्रं आली, आता पुसलं तरी परत आणता येतं म्हणतात. माझं टेपच्या काळातलं होतं.

मध्यंतरी सरांच्या सत्काराच्या कार्यक्रमासाठी फोन आला. संयोजक तरुण होता, आदबीने बोलत होता. "मूळ वादक मंचावर हवेत, अशी सरांची इच्छा आहे. सहावं गाणं शेवटी घेऊ. रेकॉर्डवर आहे अगदी तसंच वाजवायचं."

"मी येणार नाही."

"सर, तुम्हीच वाजवलंय ना ते?"

"मीच वाजवलंय. म्हणूनच येणार नाही."

त्याला कळलं नाही. मी समजावतही बसलो नाही. फोन ठेवला.

अजून वाजवतो. स्टुडिओत गेलो की टेकनंतर सरळ आत जातो, कुणी बोलवायची वाट बघत नाही, आणि सोफ्यावर बसतो. माझं वाजवलेलं माझ्यासमोर लावायला सांगतो. तिरसट म्हणून नाव झालंय माझं. काहींनी बोलावणं सोडलं. सोडू देत. नको असेल तर नको का, ते माझ्या तोंडावर सांगा. वाद घालीन, नक्की घालीन. आणि तरीही पुसायचंच असेल तर तुमच्या बोटाने बटण दाबा आणि माझ्या देखत पुसा. ते काम माझ्या हातांनी एकदा केलं. पुन्हा करणार नाहीत.