सुताचं घरटं

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही किरटं आहे, त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीला सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लिहिताना लाज वाटते.

सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, मुलांना घरून आणायचं, झाडलोट करायची. शिकवणं बाईंचं. त्या वर्षी बाईंनी 'कोण कुठं राहतं' हे मुलांच्या हातून करून घ्यायचं ठरवलं. मातीचं वारूळ झालं, परातीत बेडकाचं डबकं झालं. राहिली चिमणी.

"चिमणी कुठं राहते?" बाईंनी विचारलं.

"झाडावर!" सगळी ओरडली.

"आमच्या मागावर."

हे बोलली चार वर्षांची एक मुलगी. तिच्या घरी कापड विणायचा माग आहे, आणि घरात तेलुगू बोलतात. सहा महिने ती येत होती, पण तिचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. गप्प माणसाला एवढं बोलायला किती जोर लागतो ते मला माहीत आहे. मी पदरानं डोळे पुसले.

"मागावर? घरटं कशाचं गं?"

"सुताचं."

मग आम्हीही सुताचंच घरटं करायचं ठरवलं. वाया गेलेलं सूत घरून आणा, असं मी मुलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर कांड्या घेऊन आली, लाल सूत गुंडाळलेल्या. मी मंद्रूपकडची, शेतात वाढलेली. मला वाटलं, कांड्यांवर उरलेलं सूत टाकाऊच असणार. मी कात्रीनं सगळ्या कांड्या मोकळ्या केल्या. मुलांनी ते सूत टोपल्यात दाबून घरटं केलं. ती मधोमध बसली आणि म्हणाली, "मी पिल्लू."

दुपारी तिची आई दारात आली. ती घरी कांड्या भरून कारखान्याला देते.

"मावशी, ह्या मागाला लावायच्या कांड्या की! पोरीला कळत न्हाय, तुमाला पन कळंना? मालक पाचशे कापनार माझे."

तिनं मुलीला टोपल्यातून उचललं. "उद्यापासनं न्हाय पाठवनार."

बाई म्हणाल्या, निम्मे मी देते. पण कात्री माझ्या हातात होती, म्हणून सगळे मीच फेडायचे ठरवले.

पगार झाल्यावर दोनशे घेऊन मी मुलीच्या आईकडे गेले. दारातच उभी राहिले.

"या की आत. कात्री न्हाय ना आनली?" ती म्हणाली. हसली नाही, पण चहा टाकला. मुलगी मागाआडून बघत होती. मग हळूच येऊन तिनं माझं बोट धरलं आणि वर दाखवलं. पत्र्याखाली खरंच घरटं होतं, रंगीत दोरे लोंबत होते.

"अक्का, पाठवा की हिला," मी कसंबसं म्हणाले.

"आदी सगळे फिटू द्या."

पुढच्या महिन्यात पुन्हा दोनशे दिले. मुलगी तेव्हाही घरीच होती. अंगणवाडीत तिच्या ताटलीवरून हात फिरवायची मला सवय लागली.

तिसऱ्या महिन्यात शेवटचे शंभर घेऊन सकाळीच गेले. दार उघडंच होतं. मुलगी उंबऱ्यावर बसली होती. तेल लावून वेण्या घातलेल्या, पायात चपला. आईनं नोट घेतली, कमरेच्या पिशवीत ठेवली.

"फिटले सगळे," ती म्हणाली.